विजेविना एक खोली: अकोला, उन्हाळा २०२४ (प्रकल्प नोंदी)

१७ मार्च २०२४, रविवार

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गल्लीची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि दीड दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना, म्हणजे आईंना, गरगरू लागले आणि सलाइन लावावे लागले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मधुमेह जुना आहे. आणखी एक नुकसान आठवडाभराने उमगले. इन्सुलिनची मात्रा तीच असूनही साखर उतरेना. नवी कुपी आणली तेव्हा उतरली. बंद फ्रिजमध्ये राहिलेली जुनी कुपी उष्णतेने निकामी झाली असावी. यंदा तसे पुन्हा घडले, तर निदान एक खोली आणि एक कुपी सांभाळता यावी, एवढ्यासाठी हे काम हाती घेत आहे.

घर पहिल्या मजल्यावर आहे आणि डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. तळमजला थंड असतो, पण तो हार्डवेअरच्या दुकानाला गोदाम म्हणून दिलेला आहे. आईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत, त्यामुळे रात्री गच्चीवर बाज टाकण्याचा वऱ्हाडी उपायही त्यांच्यासाठी बाद. म्हणजे जे काही करायचे ते त्यांच्या पश्चिमेकडच्या खोलीतच. कूलर अर्थात आहे. अकोल्यात कूलरशिवाय उन्हाळा काढणारे घर विरळाच. परंतु हे सारे काम कूलर बंद आहे असे धरून करायचे आहे. इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षांची झाली असून एक पंखा आणि दोन दिवे जेमतेम तीन तास ओढते, म्हणून तीही हिशेबात धरलेली नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. साधा आणि ओल्या फडक्याचा असे दोन तापमापक घरी होतेच. पृष्ठभागाचे तापमान मोजायला करोनाकाळातील कपाळाची बंदूक काढली, पण ती त्रेचाळीस अंशांपुढे मोजायलाच तयार नाही, आणि छताचे खरे दुखणे तिथूनच सुरू होते. शेवटी मोटार रिवाइंडिंगच्या ओळखीच्या दुकानातून कारखान्यात वापरतात तशी बंदूक उसनी आणली आहे.

२४ मार्च, रविवार

होळी. पहिली चाचणी केली. दुपारी बारा ते रात्री आठ मेन स्विच बंद ठेवला. आईंना शेजारी पाठवले होते, खोलीत मी बसले.

गच्चीवर सावलीत कमाल तापमान ३९ अंश होते. दोन वाजता स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५८ अंश, त्याच वेळी आतून छत ३९. मला वाटले होते की दोन-तीन वाजताच सर्वांत वाईट वेळ असेल, पण छत चढतच राहिले आणि साडेसहाला, म्हणजे बाहेर ऊन उतरल्यावर, ४४ अंशांवर पोहोचले. खोलीतील हवा तेव्हा ३६.५ होती. पाच इंची काँक्रीटमधून उष्णता खाली उतरायला चार-साडेचार तास घेते, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. डोक्यावर घेतले ते आज पहिल्यांदा. हवा ३६ आणि छत ४४ असले की त्रास हवेपेक्षा छताचाच अधिक होतो, कारण ते शेगडीसारखे सरळ अंगावर उष्णता टाकते. पंखा चालू असता तर त्याने छताला लागलेली तीच हवा खाली लोटली असती.

यावरून कामाचा क्रम बदलला. मी आधी ओल्या पडद्यांपासून सुरुवात करणार होते. आता आधी गच्ची, मग पश्चिमेची खिडकी, आणि पाणी सर्वांत शेवटी.

७ एप्रिल, रविवार

गच्चीला चुना दिला. कळीचा चुना शुक्रवारी रात्री ड्रममध्ये भिजत घातला होता. भिजताना तो उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली वापरू नये आणि तोंडही जवळ नेऊ नये. काल तो गाळून त्यात थोडे पांढरे सिमेंट आणि पांढरा डिंक घातला. गच्ची आधी खराट्याने झाडून, धुऊन, ओलसर ठेवली होती. पहिला हात काल संध्याकाळी, दुसरा आज पहाटे. उन्हात लावलेला चुना पाण्याविना सुकतो आणि पायाला पिठासारखा लागतो. तो हट्ट मी एका कोपऱ्यात करून पाहिला आणि तिथे फसले.

ही कल्पना नवी नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत मोठी जीवितहानी झाली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या महानगरपालिकेने उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे कामही त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आमच्याकडे मात्र गच्ची म्हणजे पापड-कुरडया वाळवण्याची जागा, आणि त्यासाठी ती तापलेली असणे हाच गुण. शेजारच्या काकूंनी पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात अशी तक्रार केली. तक्रार रास्त आहे. ते दिपणे म्हणजेच परत गेलेले ऊन.

१४ एप्रिल, रविवार

मधल्या आठवड्यात अवकाळी पावसाने चुन्याचे दोन पट्टे धुऊन नेले. ते काल पुन्हा भरले.

आजची मोजणी अशी: बाहेर सावलीत ३९, म्हणजे होळीच्या दिवसाइतकेच, त्यामुळे तुलना करता येते. दोन वाजता गच्चीचा पृष्ठभाग ४४ (पूर्वी ५८), साडेसहाला आतून छत ३८ (पूर्वी ४४), खोलीतील हवा ३४. खर्च साडेआठशे रुपये आणि दोन दिवसांची पाठदुखी. एवढ्या पैशात सहा अंश देणारे दुसरे काहीही या घरात आणता आले नसते, हे मी आजच लिहून ठेवते, कारण मे महिन्यात मला पुन्हा एखाद्या यंत्राचा मोह होईल.

२१ एप्रिल, रविवार

पश्चिमेची खिडकी. आतल्या बाजूला जाड पडदा आधीपासून आहे. पडदा बंद असताना चार वाजता तो स्वतः ४५ अंशांवर असतो, आणि तो खोलीच्या आत असल्यामुळे ती सारी उष्णता खोलीतच सुटते. काचेतून ऊन एकदा आत आले की त्याला पडद्याने अडवणे म्हणजे चोर घरात आल्यावर दार लावणे.

म्हणून आडोसा बाहेरून केला. नर्सरीतील हिरवी शेडनेट आधी आणली, पण ती वाऱ्याने फडफडते आणि आईंना रात्री झोप लागू देत नाही. मग बोरगावकडच्या एका शेतकऱ्याकडून तुराट्या आणल्या. तूर काढून झाल्यावर बांधावर पडलेल्या असतातच. बांबूच्या दोन कामट्यांमध्ये त्या बांधून दाट तट्टा केला आणि खिडकीपासून एक वीत अंतर सोडून बाहेरच्या लोखंडी जाळीला टांगला. अंतर मुद्दाम ठेवले, म्हणजे तट्ट्यामागे तापलेली हवा वर निघून जाते. आता चार वाजता काच ३७ अंशांवर असते.

आईंनी तट्टा पाहिला आणि त्यांच्या माहेरच्या धाब्याच्या घराची गोष्ट काढली. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी कड्यांवर मातीचे धाबे, आणि खिडक्या नावापुरत्या. “सकाळी आठाच्या आतच दारं लावून घेत जाय वं, ऊन घरात येऊन रायलं,” असे त्या मला लग्न होऊन आल्यापासून सांगत आहेत आणि मी ‘हवा खेळती हवी’ म्हणून खिडक्या उघडत आले आहे. तापमापक त्यांच्या बाजूने आहे. बाहेर ४२ आणि आत ३५ असताना खिडकी उघडणे म्हणजे लू विकत घेणे. तेव्हा नियम असा ठरला: सकाळी पावणेआठला सर्व बंद, रात्री बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा उतरली की सर्व उघडे. ती वेळ घड्याळाने नव्हे, गॅलरीतील तापमापकाने ठरवायची. सध्या ती साडेआठच्या सुमारास येते.

२८ एप्रिल, रविवार

शुक्रवारी मतदान होते. केंद्रावरील मांडवाखाली उभे राहून ओल्या ताटीचा विचार करत होते, एवढीच त्या दिवसाची नोंद.

आज वाळ्याची ताटी लावून पाहिली. पहिला प्रयत्न सपशेल चुकला. ताटी खिडकीच्या आतून बांधली, पाणी मारले, दार लावले. वीस मिनिटांत वाळ्याचा सुगंध सुटला, खोलीतील हवा दोन अंशांनी उतरली, आणि मला घाम येऊ लागला. बाष्प जायला वाटच नव्हती; खोलीची आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर गेली होती. ताटी म्हणजे पडदा नव्हे, वाऱ्याची वाट आहे. दुसऱ्या प्रयत्नात ती पश्चिमेच्या वाऱ्यासमोर, खिडकीची एकच झडप उघडून त्या चौकटीत बसवली आणि समोरच्या भिंतीतला वरचा झरोका उघडला. आता बाहेरची हवा ताटीतूनच आत येते आणि वरून निघून जाते. बाहेर ४१ असताना ताटीच्या आतल्या अंगाला ३० अंश मोजले. दोन हातांवर, बाजेपाशी, ३२.

हे ज्या कारणाने घडते त्याचा आकडा लिहून ठेवते. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेते, म्हणजे विजेच्या मापात जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट. बादलीत नुसते साठलेले पाणी यातले काहीच करत नाही. आमच्याकडच्या कोरड्या मे महिन्यात, हवा ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असताना, ओल्या फडक्याचा तापमापक २३ अंशांपर्यंत उतरतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो तेवढा उतरतच नाही, म्हणून तिथल्या बहिणीला मी ताटीचा सल्ला दिलेला नाही.

प्रश्न पाण्याचा आहे. आज दुपारी ताटीने चौदा लिटर पाणी घेतले. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि नळ काही दिवसांआड सुटतो. शिवाय वीज गेली की मोटार बंद, म्हणजे वरच्या टाकीत जेवढे असेल तेवढेच. आणि तेही काळ्या टाकीत दुपारी हात पोळेल इतके कढत. म्हणून आईंच्या खोलीबाहेर पन्नास लिटरचा झाकणाचा ड्रम भरून ठेवला आहे. ताटीला भाज्या धुतलेले पाणी चालते. वापरायच्या आधी गाळून घ्यावे लागते, नाहीतर वाळा कुजतो.

५ मे, रविवार

आता कुपी. आईंच्या इन्सुलिनच्या पत्रकात न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत आणि वापरात घेतलेली ३० अंशांखाली अठ्ठावीस दिवस, असे छापलेले आहे. म्हणजे वापरातल्या कुपीला बर्फाची गरजच नाही, तिला फक्त तीस अंश हवेत. फ्रिज बंद पडला आणि दार उघडले नाही तर चारेक तास निभावतो, पुढे तोही कपाट होतो.

कुंभारवाड्यातून दोन साधी मातीची गाडगी आणली, एक मोठे, एक लहान. मोठ्यात वाळू, वाळूत लहान, वाळू भिजवलेली, वर ओले फडके. कृषी खात्याच्या पुस्तिकांतून भाजीपाल्यासाठी दाखवतात त्या विटा-वाळूच्या शून्य ऊर्जा शीतकक्षाचेच हे धाकटे भावंड. आत इन्सुलिनऐवजी पाण्याची तेवढीच कुपी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवून तीन दिवस मोजले. गाडगे गॅलरीच्या सावलीत, वाऱ्यावर ठेवले तेव्हा आत २५ ते २७. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले तेव्हा ३१. चकचकीत रंगवलेले गाडगे पाझरत नाही, ते घेऊ नये. बर्फाच्या पिशवीला चिकटवून कुपी ठेवणे तर त्याहून वाईट, कारण गोठलेले इन्सुलिन कायमचे जाते.

१२ मे, रविवार

आईंसह पूर्ण चाचणी. त्या आनंदाने तयार झाल्या. त्यांच्या मते ही आमच्या लोकांची उशिरा आलेली अक्कल आहे.

पंख्याबद्दल आज वाद झाला. इन्व्हर्टरवरचा जुना ७५ वॅटचा पंखा काढून तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा बसवा, म्हणजे बॅटरी दुपटीहून अधिक चालेल, असे माझ्या पतींचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे, पंखा मागवला. परंतु तो कधी लावायचा, हा खरा प्रश्न. हवा ४० अंशांच्या वर असेल तर पंख्याने शरीर थंड न होता तापते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारपणी घामही कमी येतो, त्यामुळे पंख्याला वाळवायला काही उरत नाही. म्हणून पंख्याआधी पाणी: ओल्या फडक्याने हात, मान, पाय पुसायचे, पाठीवर पातळ ओले धोतर, मग पंखा.

पिण्याचे ठरले ते असे. आम्हाला कैरीचे पन्हे. आईंना गुळाऐवजी मीठ-जिऱ्याचे पातळ ताक, दर तासाला फुलपात्रभर, तहान लागो न लागो. त्यांना तहान लागतच नाही, हीच अडचण आहे. मीठ किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतले.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले मानले जाणारे नऊ दिवस. तापमान पंचेचाळीसच्या पुढे असून जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केले आहे. भर दुपारच्या शिकवण्या बंद आहेत. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी कोपऱ्यावर स्फोटासारखा आवाज झाला, डीपीतून तेल गळू लागले आणि गल्ली गप्प झाली. दिवसभर तापलेली हवा, त्यात प्रत्येक घरी कूलर आणि निम्म्या घरी एसी. डीपीच्या तेलाला थंड व्हायला अवकाशच मिळत नाही. लाइनमन तीनला येऊन पाहून गेला. डीपी बदलावी लागेल, आज होणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले, हे त्याचे उपकारच.

आम्ही काय केले, ते आश्चर्य वाटेल इतके थोडे आहे. खिडक्या सकाळपासून बंदच होत्या, तट्टा जागेवर होता, गच्ची पांढरी होती. ताटी भिजवली, कुपी फ्रिजमधून गाडग्यात नेली आणि इन्व्हर्टर बंद करून रात्रीसाठी राखला.

तीन वाजता गच्चीवर सावलीत ४५.५, खोलीत ३५, बाजेपाशी ३३. पाच वाजता वारा पडला आणि ताटी निव्वळ ओले गवत झाली, बाजेपाशी ३५.५. हा प्रसंग चाचण्यांत एकदाही आला नव्हता. अर्धा तास मी ताटीसमोर सुपाने वारा घालत बसले आणि मग शहाणपण सुचून इन्व्हर्टरवरचा टेबलफॅन ताटीसमोर आतल्या बाजूला, हवा आत ओढेल असा ठेवला. बाजेपाशी पुन्हा ३३. आईंना दर तासाला नाव, वार आणि जेवणात काय होते ते विचारत होतो. बोलण्यात गोंधळ झाला किंवा अंग तापून कोरडे पडले तर उपाय करत न बसता १०८ ला फोन करायचा, हे आधीच ठरलेले होते. साडेसहाला त्यांनी उलट मलाच विचारले की आज माझे काय बिघडले आहे, तेव्हा मी विचारणे थांबवले.

साडेसहाला छत ४१. चुन्याशिवाय ते किती झाले असते, याचा अंदाज करवत नाही.

२६ मे, रविवार

रात्र दिवसापेक्षा कठीण गेली. बाहेरची हवा आतल्या हवेखाली यायला पावणेदहा वाजले. दारे-खिडक्या उघडल्या तशी डासांची फौज आली. मच्छरदाणी लावली तर वारा लागेना. शेवटी दाट मच्छरदाणी काढून खिडक्यांनाच जुन्या सुती साडीचा एकेरी पदर ताणून बांधला. आम्ही बाकीचे तिघे गच्चीवर होतो. चुन्याची गच्ची नऊ वाजताच पायाला सोसेल इतकी निवाली होती, शेजारची तपकिरी फरशी अकरापर्यंत भाजत होती. पहाटे पाचला बाहेर ३०, खोलीत ३१.५. पावणेआठला पुन्हा सर्व बंद.

कुपीचे गाडगे सर्वांत वाईट वेळी २८.५ पर्यंत गेले, वाळू सुकली म्हणून. तिला दिवसातून तीनदा पाणी लागते, दोनदा नव्हे. पन्नास लिटरचा ड्रम आज दोन वाजता तळाला लागला. शेजारच्या काकूंना त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाच्या खोलीसाठी जुनी ताटी दिली. चुन्याचे दिपणे आता त्यांच्या तक्रारीत नाही. कळी कुठे मिळते, हे विचारून गेल्या.

नवी डीपी चारनंतर बसली आणि चार वाजून पन्नास मिनिटांनी वीज आली. सत्तावीस तासांहून थोडे अधिक. आईंची सकाळची साखर नेहमीसारखी आली.

९ जून, रविवार

आभाळ भरून आहे, मृग लागला. दुपारी वीज दोन तास गेली म्हणून सवयीने ताटी भिजवली आणि पंधरा मिनिटांत आईंनी ती काढायला लावली. हवा ३६, आर्द्रता ५५ टक्के; ओल्या फडक्याचा तापमापक २८ च्या खाली जाईना. या हवेला घामाचेच पाणी नको आहे, ताटीचे कुठून हवे असणार. ताटी उन्हात वाळवून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तट्टा राहू दिला आहे. खिडक्या आता दुपारीही उघड्या, आणि नवा पंखा इन्व्हर्टरवर.

पुढच्या वर्षासाठी: चुना मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि ड्रम शंभर लिटरचा.